ऑफिसच्या मेल सर्व्हरवरून बाहेर जाणारा मेल: लॉगिनपासून डीमार्कपर्यंत

मेल पाठवला, 'सेंट'मध्ये दिसतोय, पण समोरची पार्टी म्हणते मिळालाच नाही. छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कानावर ही तक्रार येतच राहते. अशा वेळी मेल सहसा हरवलेला नसतो. तो समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलेला असतो किंवा त्यांच्या सर्व्हरने दारातूनच परत पाठवलेला असतो, कारण तो खरंच तुमच्याकडून आलाय याचा पुरावा त्याच्यासोबत नसतो.

हा पुरावा द्यायची सोय मुळात नव्हतीच. एसएमटीपी हा मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल १९८२ साली ठरला तेव्हा कोण कुणाच्या नावाने मेल पाठवतंय हे तपासायची गरज कुणाला वाटली नाही. लॉगिन करून मेल पाठवण्याची पद्धत १९९९ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, एसपीएफ २००६ मध्ये, डीकिम २००७ मध्ये आणि डीमार्क २०१५ मध्ये (या तिन्ही डोमेनची ओळख पटवायच्या पद्धती, खुलासा तिसऱ्या पायरीत). सगळं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी जोडलेलं आहे, आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो यामुळेच.

म्हणून आधी एवढं पक्कं करून घ्या: 'ऑथेंटिकेशन' या एकाच नावाखाली तीन निराळे प्रश्न आहेत. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपने तुमच्या सर्व्हरला आपली ओळख पटवणं, हा पहिला. तुमचा सर्व्हर मेल दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्फत पाठवत असेल, तर त्याने त्या सर्व्हरला ओळख पटवणं, हा दुसरा. आणि तुमच्या डोमेनने जगातल्या अनोळखी सर्व्हरना ओळख पटवणं, हा तिसरा. पहिल्या दोन ठिकाणी पासवर्ड लागतो, तिसऱ्या ठिकाणी डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या, नोंदी. मेल स्पॅममध्ये जातोय म्हणून पासवर्ड बदलणारे आणि लॉगिन होत नाही म्हणून एसपीएफ खोदत बसणारे, दोन्ही चुकीच्या मजल्यावर दुरुस्ती करत असतात.

उदाहरणासाठी आपण दहा-पंधरा माणसांचं एक ऑफिस धरू. डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) बसवलेले आहेत, आयपी पत्ता स्थिर आहे आणि डोमेन एक्झाम्पल डॉट कॉम. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील.

सर्व्हरला हात लावण्याआधी

एक कागद घ्या आणि ऑफिसच्या डोमेनच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं याची यादी करा. माणसं पटकन आठवतात. विसरले जातात ते बाकीचे: 'स्कॅन टू मेल' करणारा कॉपियर, थेट बिलं मेल करणारं टॅली, वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म, हजेरीचं मशिन, पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा, दिवाळीच्या शुभेच्छा एकदम पाठवायला मार्केटिंगवाल्यांनी परस्पर घेतलेलं खातं. ही यादी अर्धवट राहिली तर पुढची एसपीएफची नोंदही अर्धवट राहील, आणि ते कळेल महिनाअखेरीस बिलं गेली नाहीत तेव्हा.

त्यानंतर दोन गोष्टी तपासा. पहिली, बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं आहे का. बरेच इंटरनेट पुरवठादार आणि क्लाउड कंपन्या ते बंद ठेवतात. गूगल क्लाउडवर ते सहसा बंद असतं आणि अमेझॉनच्या ईसीटू सर्व्हरवरही सुरुवातीला अडवलेलं असतं. सर्व्हरवरून कुठल्याही मोठ्या मेल सेवेच्या पोर्ट २५ ला टेलनेट करून बघा. जोडणी लटकून राहिली तर थेट मेल पाठवायचा विचार सोडा आणि रिलेची, म्हणजे दुसऱ्या सेवेमार्फत मेल पाठवायची, तयारी करा.

दुसरी म्हणजे रिव्हर्स डीएनएस, अर्थात पीटीआर नोंद. तुमच्या आयपीवरून नाव शोधलं तर मेल सर्व्हरचं नाव यायला हवं, आणि त्या नावावरून शोधलं तर तोच आयपी. ही नोंद डोमेन जिथून घेतलं तिथे होत नाही. आयपी ज्याचा, नोंद त्याच्या हातात, म्हणजे ब्रॉडबँड किंवा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) देणाऱ्याकडे. व्हीपीएसवाल्यांच्या पॅनेलमध्ये बहुधा त्याची सोय मिळते. ब्रॉडबँडवाल्यांना लेखी विनंती करावी लागते आणि पाठपुरावा करावा लागतो. ते काम आजच सुरू करा.

पहिली पायरी: आपल्या माणसांचं लॉगिन

कर्मचाऱ्यांच्या मेल प्रोग्रॅमने पोर्ट ५८७ वापरायचं, २५ नाही. २५ हे एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्याचं पोर्ट. ५८७ वर आधी टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणं), मग लॉगिन, मग मेल. ४६५ सुद्धा चालतं. तिथे जोडणी सुरुवातीपासूनच कूटबद्ध असते.

पोस्टफिक्सच्या 'मास्टर.सीएफ' फाइलमध्ये 'सबमिशन' नावाची ओळ असते, बहुधा पुढे हॅश लावून झोपवलेली. ती आणि तिच्याखालच्या हव्या त्या ओळी जाग्या करा. टीएलएसची पातळी 'एन्क्रिप्ट' ठेवा. 'एसएमटीपीडी_सास्ल_ऑथ_एनेबल' 'येस' करा. 'एसएमटीपीडी_सास्ल_टाइप' मध्ये डव्हकॉट आणि 'एसएमटीपीडी_सास्ल_पाथ' मध्ये 'प्रायव्हेट/ऑथ' लिहा. मग डव्हकॉटच्या '१०-मास्टर' फाइलमध्ये पोस्टफिक्ससाठीचा युनिक्स लिसनर चालू करा, मालक आणि गट दोन्ही 'पोस्टफिक्स', परवानगी ०६६०. म्हणजे पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉट करतो आणि पोस्टफिक्स फक्त त्याचं उत्तर ऐकतो. मेल वाचायला आणि पाठवायला एकच पासवर्ड राहतो.

वरचं लॉगिनचं सेटिंग फक्त 'सबमिशन'खालीच ठेवा, 'मेन.सीएफ' मध्ये टाकू नका. तिथे टाकलं की पोर्ट २५ वरही लॉगिन सुरू होतं आणि जगभरचे बॉट रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघत बसतात. ते ५८७ वरही येतातच, म्हणून फेलटूबॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारा प्रोग्रॅम) बसवा. पण निदान एक दार कमी. 'एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली' सुद्धा 'येस' हवं, कारण 'प्लेन' आणि 'लॉगिन' या दोन्ही पद्धतींत पासवर्ड फक्त बेस-६४ मध्ये जातो. ते कूटबद्ध नव्हे, कुणीही उलटं वाचू शकतं.

टीएलएसच्या प्रमाणपत्रासाठी लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सेवा पुरेशी आहे. त्याचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि नूतनीकरण आपोआप होतं, पण नवं प्रमाणपत्र उचलायला पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रीलोड करावे लागतात. नूतनीकरणाच्या हुकमध्येच (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ती आज्ञा घालून ठेवा. नाहीतर तीन महिन्यांनी एका सकाळी सगळ्यांच्या आउटलुकवर 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' झळकेल.

आता 'मायनेटवर्क्स'. या यादीतल्या पत्त्यांना सहसा लॉगिन न करता मेल पाठवायची मुभा असते. 'स्कॅनर चालत नाही' म्हणून तिथे ऑफिसचं अख्खं नेटवर्क टाकून दिलेलं फार ठिकाणी दिसतं. स्कॅनर चालतो, प्रश्नच नाही. पण मग एखाद्या पीसीवर व्हायरस आला की तोही पासवर्डशिवाय हवे तेवढे मेल बाहेर ढकलतो, तुमचा आयपी स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीत जातो आणि तिथून निघेपर्यंत ऑफिसचा मेल ठप्प. यादीत १२७ ने सुरू होणारा सर्व्हरचा स्वतःचा पत्ता असावा, बस्स. जुना कॉपियर नवं टीएलएस बोलतच नसेल तर राउटरवर त्याचा आयपी पक्का करून फक्त तेवढाच एक पत्ता वाढवा.

आणखी एक बंधन घालण्यासारखं आहे: 'रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच'. हे नसेल तर अकाउंट्समधला माणूस स्वतःच्या लॉगिनने साहेबांच्या पत्त्यावरून मेल पाठवू शकतो, आणि त्याचा पासवर्ड चोरणाराही. कोणतं लॉगिन कोणता पत्ता वापरेल याचा तक्ता 'एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स' मध्ये द्यावा लागतो. 'इन्फो' आणि 'अकाउंट्स' यांसारखे सामाईक पत्ते तक्त्यात घालायला विसरू नका.

झालं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाऊन, म्हणजे ऑफिसच्या बाहेरून, लॉगिन न करता जीमेलच्या पत्त्यावर मेल पाठवून बघा. ५५४ किंवा ४५४ या आकड्यासह 'रिले ॲक्सेस डिनाइड' असं उत्तर आलं पाहिजे. मेल गेला, तर सर्व्हर लगेच थांबवा आणि 'एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स' तपासा.

दुसरी पायरी: रिले लागत असेल तर

पोर्ट २५ बंद असेल किंवा आयपीची पत आधीच खराब असेल तर मेल दुसऱ्या सेवेमार्फत पाठवावा लागतो. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने पहिल्यापासून रिलेच घ्यावा. आयपीची पत सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे, आणि बारा माणसांच्या ऑफिसात ते करायला कुणी रिकामा नसतो.

इथे एका अक्षराने घात होतो. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपीडी' ने सुरू होणारी सेटिंग तुमच्याकडे येणाऱ्या जोडण्यांची, आणि शेवटचा 'डी' नसलेली 'एसएमटीपी' वाली सेटिंग तुम्ही बाहेर करता त्या जोडण्यांची. पहिल्या पायरीत सगळं 'डी'सकट होतं. आता 'डी'शिवाय.

'मेन.सीएफ' मध्ये 'रिलेहोस्ट' ला सेवेच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा आणि पुढे कोलन ५८७. कंस असला की पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी) शोधत बसत नाही, थेट त्याच सर्व्हरकडे जातो. मग 'एसएमटीपी_सास्ल_ऑथ_एनेबल' 'येस', 'एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल' 'एन्क्रिप्ट', 'एसएमटीपी_सास्ल_सिक्युरिटी_ऑप्शन्स' 'नोॲनॉनिमस' आणि 'एसएमटीपी_सास्ल_पासवर्ड_मॅप्स' मध्ये पासवर्डच्या फाइलचा पत्ता. त्या फाइलमध्ये एकच ओळ: सर्व्हरचं नाव, एक जागा, वापरकर्ता, कोलन, पासवर्ड. सर्व्हरचं नाव 'रिलेहोस्ट' मध्ये आहे तसंच्या तसं हवं, कंस आणि पोर्टसकट. तिथे कंस लिहायचा राहून गेला तर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडतच नाही. तो लॉगिन न करताच मेल द्यायला जातो आणि तुम्हाला वाटतं पासवर्ड चुकला. फाइलवर 'पोस्टमॅप' चालवा, मूळ आणि तयार झालेली अशा दोन्ही फाइलींना ६०० परवानगी द्या, पोस्टफिक्स रीलोड करा.

लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' दिसलं तर पासवर्डचा काही संबंध नाही. डेबियन-उबुंटूवर 'लिबसास्ल२-मॉड्यूल्स' हे पॅकेज बसवायचं राहिलंय.

कोणती सेवा? साध्या जीमेल खात्यातून चालतं, पण खात्याचा नेहमीचा पासवर्ड नाही चालत. २०२२ च्या मे महिन्यापासून गूगलने ती वाट बंद केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. शिवाय दिवसाला ५०० मेलांची मर्यादा आहे, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता त्या खात्यात नोंदवलेला नसेल तर जीमेल तो बदलून स्वतःचा घालतो. ऑफिसच्या डोमेनसाठी ही सोय कामाची नाही. अमेझॉनची एसईएस सेवा मुंबई विभागातही आहे. तिथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा: एसएमटीपीचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड वेगळे तयार करावे लागतात आणि ते त्याच विभागापुरते असतात, आणि नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं, म्हणजे पडताळलेल्या पत्त्यांनाच, २४ तासांत २०० मेल. अर्ज करून त्यातून बाहेर पडावं लागतं.

तिसरी पायरी: डोमेनची ओळख

प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर आपसात वापरतात आणि मेल परत आला तर तिकडे जातो. दुसरा आतल्या लेटरहेडवरचा, जो वाचणाऱ्याला 'फ्रॉम' म्हणून दिसतो. दोन्ही वेगळे असू शकतात. एसपीएफ पाकीट तपासतं. डीकिम मजकुरावरची सही तपासतं. या दोहोंपैकी निदान एकाचं नातं लेटरहेडवरच्या डोमेनशी जुळतंय का, हे डीमार्क बघतं.

एसपीएफ म्हणजे डोमेनची एक टेक्स्ट नोंद. सुरुवात 'व्ही=एसपीएफ१' ने, मग परवानगी असलेले सर्व्हर, शेवटी 'ऑल'. स्वतःचा सर्व्हर 'आयपी४' आणि त्याच्या आकड्याने लिहा. रिले किंवा पगारवाली सेवा त्यांनी सांगितलेल्या 'इन्क्लूड' ने. 'ऑल' च्या आधी टिल्डे (~) असेल तर 'बाकीचे संशयास्पद', वजा असेल तर 'बाकीचे आमचे नाहीत'. यादीबद्दल खात्री होईपर्यंत टिल्डे ठेवा. आणि 'प्लस ऑल' कुणी सुचवलं तर त्याचं पुढचं काही ऐकू नका, त्याचा अर्थ साऱ्या जगाला परवानगी असा होतो.

दोन चुका नेहमीच्या. नवी सेवा घेतली की तिने दिलेली एसपीएफ ओळ दुसरी नोंद म्हणून टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की निकाल थेट 'पर्मएरर', म्हणजे नोंदच बाद. नवा 'इन्क्लूड' जुन्या ओळीतच बसवायचा. दुसरी चूक दहाच्या मर्यादेची: 'इन्क्लूड', 'एमएक्स', 'ए' यांच्यासाठी मिळून दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तरी 'पर्मएरर'च. 'इन्क्लूड'च्या आतले 'इन्क्लूड'ही मोजले जातात. 'आयपी४' मात्र मोजला जात नाही.

डीकिमसाठी ओपनडीकिम बसवा (आरस्पॅमडी आधीच असेल तर तोही सही करतो). 'ओपनडीकिम-जेनकी' ने २०४८ बिटांची किल्लीची जोडी करा. सिलेक्टरला, म्हणजे किल्लीच्या नावाला, वर्ष-महिन्याचं नाव द्या, म्हणजे पुढे किल्ली बदलताना जुनी कोणती हे कळेल. खासगी किल्ली सर्व्हरवर, फक्त 'ओपनडीकिम' वापरकर्त्याला वाचता येईल अशी. सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये, 'सिलेक्टर डॉट _डोमेनकी' या नावाखाली.

इथे डीएनएसचं पॅनेल छळतं. टेक्स्ट नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही, म्हणून ती दोन अवतरणांत तोडून द्यावी लागते. काही पॅनेल स्वतःच तोडतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. काही पॅनेल नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि नोंद कुणालाच सापडत नाही. म्हणून टाकल्यावर 'डिग' ने (डीएनएसला विचारणारी आज्ञा) बाहेरून वाचून बघा, मग 'ओपनडीकिम-टेस्टकी' चालवा. त्यात 'की नॉट सिक्युअर' आलं तर घाबरू नका, डोमेनला डीएनएससेक (डीएनएसच्या नोंदींवरची सही) नाही एवढाच त्याचा अर्थ. 'की ओके' आलं की झालं.

पोस्टफिक्सला ओपनडीकिमशी जोडायला 'एसएमटीपीडी_मिल्टर्स' आणि 'नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स' दोन्ही भरा. दुसरं राहिलं तर त्याच सर्व्हरवरच्या वेबसाइटचे किंवा क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल सहीविना जातात. डेबियनवर पोस्टफिक्स बऱ्याचदा स्वतःच्या कोंडीत, क्रूटमध्ये, चालतो आणि ओपनडीकिमचं नेहमीचं सॉकेट त्याला दिसत नाही. सोपा उपाय: दोघांना लोकलहोस्टच्या पोर्ट ८८९१ वर बोलायला लावा.

शेवटी डीमार्क. '_डीमार्क' या नावाची टेक्स्ट नोंद: 'व्ही=डीमार्क१', मग 'पी=नन', मग 'आरयूए' मध्ये अहवालांसाठीचा पत्ता. 'नन' म्हणजे कुणाला अडवू नका, फक्त मला कळवा. अहवाल सहसा रोज एक्सएमएलमध्ये दाबून येतात, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र मेलबॉक्स काढा, साहेबांचा पत्ता देऊ नका. दोन-तीन आठवडे ते वाचा, महिनाअखेर त्यात आली पाहिजे, म्हणजे बिलं आणि पगाराच्या स्लिपाही दिसतील. यादीत विसरलेला एखादा पाठवणारा इथे सापडतोच. तो दुरुस्त झाल्यावर 'क्वारंटाइन' (नापास मेल संशयास्पद धरा), आणि अहवाल स्वच्छ राहिले तर 'रिजेक्ट' (घेऊच नका). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावणं म्हणजे स्वतःचीच बिलं स्वतः अडवणं.

'आम्ही कुठे हजारो मेल पाठवतो' असं म्हणून हे टाळू नका. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. पण त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक, पीटीआर आणि टीएलएस लागतंच.

तपासणी आणि त्रुटी

यादीतल्या प्रत्येकाकडून, कॉपियरसकट, एका जीमेल पत्त्यावर मेल पाठवा. तिथे 'शो ओरिजिनल' उघडलं की वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क असे तीन निकाल दिसतात. तिन्हीपुढे 'पास' हवं. फॉरवर्ड झालेल्या मेलवर एसपीएफ नापास दिसू शकतं, कारण पाठवणारा आयपी मधल्या सर्व्हरचा असतो. तिथे डीकिम वाचवतं, म्हणून ते टाळता येत नाही.

परत आलेल्या मेलमधला आकडा कोणत्या मजल्यावर बघायचं ते सांगतो. ५३५ म्हणजे वापरकर्ता किंवा पासवर्ड चूक. ५३० म्हणजे टीएलएस किंवा लॉगिन न करताच बोलायला लागलात. ५५४ रिले डिनाइड कर्मचाऱ्याला आला तर त्याच्या मेल प्रोग्रॅममध्ये 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' ही खूण करायची राहून गेलीय. जीमेलकडून ५५०, ५.७.२६ आलं तर प्रश्न तिसऱ्या पायरीचा आहे, पासवर्डला हात लावू नका.

आणि रांगेत अचानक अनोळखी पत्त्यांचे शेकडो मेल दिसले ('पोस्टक्यू -पी' ने रांग दिसते), तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय. मेल लॉगमध्ये 'सास्ल_युजरनेम' शोधा, ज्याचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते खातं आधी बंद करा, पासवर्ड बदला, मग 'पोस्टसुपर' ने त्या खात्याचे मेल रांगेतून काढा. हा क्रम उलटा केला तर रांग रिकामी होता होताच पुन्हा भरत राहते.